स्विफ्ट आणि नाइन-इलेव्हन एकाच पार्किंगमध्ये : दोन टोकांच्या गाड्यांची तुलना करायची कशी

इंदूरला आमच्या इमारतीखाली दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. एक माझी, २०२२ची मारुती स्विफ्ट. दुसरी आत्तेभावाची, सेकंड हँड घेतलेली पोर्शे ९११ कॅरेरा. बघायला येणारा प्रत्येक जण दोघींबद्दल एकच प्रश्न विचारतो : "भिया, एवरेज कित्ता देती है?"

भावाची गाडी घ्यायच्या आधी आठ महिने आम्ही दोघं नुसते आकडे, कागद आणि गॅरेजं पालथी घालत होतो. सुरुवातीचे तीन महिने चुकीच्या गोष्टींची तुलना करण्यात गेले. ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. तुम्हाला स्पोर्ट्स कार खरंच घ्यायची असो, की एकीला सहा-सात लाख आणि दुसरीला दोन कोटी का पडतात हे समजून घ्यायचं असो, पायऱ्या त्याच आहेत.

सुरुवातीलाच एक गंमत. या दोन गाड्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, अगदी सारखा आहे : २४५० मिलिमीटर. चाकं तेवढ्याच अंतरावर, आणि मधलं सगळं वेगळं.

हाताशी काय ठेवायचं

मोजपट्टी (मेटलची, पाच मीटरची), टायरमधली हवा मोजायचा गेज, मोबाइलचा टॉर्च, एक वही. दोन्ही गाड्यांची तांत्रिक माहितीपत्रकं. सेकंड हँड बघत असाल तर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) असलेला, आणि मुख्य म्हणजे विक्रेत्याच्या ओळखीतला नसलेला मिस्त्री.

१. आधी गाडी नाही, स्वतःचा रस्ता मोजा

एक आठवडा सध्याच्या गाडीने रोजच्यासारखं फिरा आणि रात्री वहीत दोनच आकडे लिहा : आज एकूण किलोमीटर किती, आणि त्यातले 'चांगले' किती. चांगला किलोमीटर कोणता, तर जिथे डांबर सपाट आहे, पुढचं दोनशे मीटर स्वच्छ दिसतंय, मध्ये गाय, ई-रिक्षा किंवा गतिरोधक नाही, आणि रस्ता थोडा वळतोय.

माझ्या वहीत आठवड्याचे २३० किलोमीटर निघाले आणि चांगले ११. भावाचे १८० पैकी ४०, कारण तो दर रविवारी पहाटे महूच्या पुढे मानपूरकडे जातो आणि पोहे-जिलबीच्या वेळेला परत येतो. राजवाडा, जेल रोड, मालवा मिल, पाटनीपुरा इथला एकही किलोमीटर दोघांच्याही वहीत चांगला नव्हता.

साधी गाडी वाईट किलोमीटर सुखानं काढून द्यायला बनवलेली असते. स्पोर्ट्स कार चांगल्या किलोमीटरसाठी बनवलेली असते, आणि वाईट किलोमीटर ती सहन करते, कधीकधी तेही नाही. ही वही तयार झाल्याशिवाय शोरूममध्ये जाऊ नका. तिथला कॉफीचा कप हातात आला की आपले सगळेच किलोमीटर चांगले वाटायला लागतात.

याच आठवड्यात मोजपट्टी घेऊन आणखी एक काम करा : तुमच्या गल्लीतला गतिरोधक आणि पार्किंगचा उतार मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे चढ-उतार सावकाश होतो. आपल्या कॉलन्यांमध्ये मात्र रहिवाशांनी हौसेनं घातलेले असतात, अर्धा मीटर रुंद आणि भिंतीसारखे उभे. स्विफ्टखाली १६३ मिलिमीटर जागा आहे, ती चार माणसं बसवूनही बहुतेक वेळा निघून जाते. ९११ बरीच बसकी आहे, आणि तिचं नाक पुढच्या चाकांच्याही बरंच पुढे आहे, त्यामुळे चाक गतिरोधकावर चढायच्या आधी ओठ टेकतो. तिला पुढचा भाग सुमारे ४० मिलिमीटर उचलणारी सोय पर्याय म्हणून मिळते. सेकंड हँड बघताना हा पर्याय घेतलेला आहे का, हा इंदुरात मी पहिला प्रश्न मानतो. रंग नंतर.

२. माहितीपत्रकातले कुठले आकडे समोरासमोर ठेवायचे

सर्वोच्च वेग खोडून टाका. ९११ कॅरेराचा २९३ आहे. आपल्याकडे केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेनुसार कारला द्रुतगती मार्गावर जास्तीत जास्त १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि शहरात ७० इतकीच मुभा आहे, आणि स्थानिक पाटी त्याहूनही कमी सांगू शकते. २९३ हा आकडा तुमच्या कुठल्याच किलोमीटरला लागू होत नाही.

नुसती अश्वशक्तीही फसवते. स्विफ्टची ९० पीएस, ९११ची ३८५. चौपटीहून जास्त वाटतं. पण स्विफ्ट ८८० किलोच्या आसपास आहे आणि ९११ दीड टनाची. शक्तीला वजनानं भागा : स्विफ्टला टनामागे साधारण १०२, ९११ला २५६. म्हणजे अडीच पट. पाठीला जो धक्का बसतो तो या अडीच पटीचा.

दुसरा कामाचा आकडा टॉर्कचा, म्हणजे इंजिनच्या पिळण्याच्या जोराचा, आणि तो किती आरपीएमला (मिनिटाला किती फेऱ्यांना) मिळतो याचा. स्विफ्टचं १.२ लिटरचं इंजिन ११३ न्यूटन मीटर देतं, तेही ४४०० आरपीएमला. म्हणून ओव्हरटेक करताना आपण गिअर कमी करून इंजिन ओरडू देतो. ९११चं तीन लिटरचं, दोन टर्बोचं, सहा सिलिंडरचं इंजिन ४५० न्यूटन मीटर देतं आणि १९५० ते ५००० आरपीएमपर्यंत देतच राहतं. रहदारीत तिचा खरा फरक इथे कळतो : पाय टेकवला की निघाली. शून्य ते शंभर तिला ४.२ सेकंद लागतात, स्विफ्टला बाराच्या आसपास. पण सिग्नलवरून सुटताना दोघींच्याही पुढे एक ॲक्टिव्हा असतेच.

उंची, रुंदी आणि डिक्कीही लिहून काढा. स्विफ्ट १५३० मिलिमीटर उंच, ९११ फक्त १२९८. आत्या मुलाच्या गाडीत आजवर एकदाच बसली आहे. उतरताना आम्ही दोघांनी दोन हात धरले होते. डिक्की स्विफ्टला मागे २६८ लिटरची, ९११ला पुढे बोनेटखाली १३२ लिटरची, कारण इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलंय. गणपती आणायला आम्ही स्विफ्टच नेतो.

३. टायरची भिंत वाचायला शिका

आम्हाला सगळ्यात जास्त शहाणपण इथे मिळालं, म्हणून जरा सविस्तर.

स्विफ्टच्या टायरवर लिहिलंय १८५/६५ आर१५. रुंदी १८५ मिलिमीटर, आणि रबराच्या बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ६५ टक्के, म्हणजे १२० मिलिमीटर. आत १५ इंचाची रिम. ९११ला पुढे २३५/४० आर१९ आणि मागे २९५/३५ आर२०. पुढची भिंत ९४ मिलिमीटर, मागची १०३. आता खड्डा डोळ्यासमोर आणा. स्विफ्टचं चाक छोटं, त्यावर १२० मिलिमीटरची रबरी उशी, आणि वर वजन कमी. ९११चं चाक मोठं, उशी पातळ, वजन जवळजवळ दुप्पट. तोच खड्डा एकीला हिसका देतो आणि दुसरीची अलॉय रिम वाकवतो. वळणावर मात्र हीच पातळ भिंत दुमडत नाही, म्हणून स्टिअरिंग जितकं फिरवाल तितकीच गाडी वळते. दोन्ही गोष्टी एकाच कारणातून येतात. एक घ्या आणि दुसरी सोडा असं करता येत नाही.

आकड्यांच्या शेवटी वेगाचं अक्षर असतं. 'टी' म्हणजे १९० किलोमीटर तासाला, 'एच' २१०, 'व्ही' २४०, 'वाय' ३००. वरच्या अक्षराचं रबर उष्णता झेलायला आणि चिकटून राहायला बनवतात, आणि चिकटणारं रबर लवकर झिजतं. माझे टायर ४०,००० किलोमीटर सहज जातील. भावाचे मागचे वीस हजारांत संपत आले, कारण सगळी ताकद त्याच दोन चाकांवर पडते.

पुढे आणि मागे माप वेगळं असल्यामुळे टायर आलटून पालटून लावता येत नाहीत. स्टेपनी नाहीच, पंक्चरचं द्रव आणि छोटा कंप्रेसर मिळतो. बाजूची भिंत फाटली तर तो द्रव निरुपयोगी, गाडी उचलून न्यावी लागते. आणि उचलून म्हणजे सपाट ट्रकवर ठेवून. मागची चाकं रस्त्यावर ठेवून ओढत नेणाऱ्याला हात लावू देऊ नका.

सापळा : टायरवर चार अंकी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. आम्ही पाहिलेल्या एका गाडीचे मीटरवर जेमतेम नऊ हजार किलोमीटर होते, नक्षी नव्यासारखी, आणि टायर सात वर्षांचे. नुसतं उभं राहूनही रबर कडक होतं. विक्रेता म्हणाला, "टायर तर न्यू कंडिशन आहेत." नखानं दाबून बघितलं, पाटीसारखे टणक. अशा वेळी चारही टायरची किंमत सौद्यातून वजा करून घ्या.

४. ब्रेक : शक्तीपेक्षा हे आधी बघा

वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. ती सगळी उष्णता बनून ब्रेकमध्ये जाते. ब्रेक तापणं म्हणजे काय, हे मानपूरच्या पुढच्या गणपती घाटानं उतारावरच्या ट्रकांच्या निमित्तानं आपल्याकडच्या सगळ्यांना दाखवलेलं आहे. स्विफ्टला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत. ती ज्या वेगानं चालते त्याला ते पुरेसे आहेत, आणि दुरुस्ती कोपऱ्यावरचा मिस्त्रीही करतो. ९११ला चारही चाकांना ३३० मिलिमीटरच्या डिस्क आहेत. एकदा जोरात थांबायला दोन्ही गाड्या चांगल्या थांबतात. पाचव्यांदा, सहाव्यांदा लागोपाठ थांबवल्यावर फरक दिसतो. पैसा तिथे गेलेला असतो. सेकंड हँडमध्ये डिस्कच्या कडेला नखाला ओठ लागतो का ते बघा. लागला तर डिस्क झिजली आहे, आणि खर्च पॅडपुरता उरणार नाही.

५. ट्रायल दोन्ही गाड्यांची, एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी

शोरूमवाले स्वतःच्या आवडीचा गुळगुळीत तुकडा दाखवतात. तुम्ही वहीतला मार्ग सांगा. एक वाईट तुकडा, एक पार्किंगचा उतार, एक मोकळा रस्ता. आधी साधी गाडी चालवा, मग दुसरी, मग पुन्हा साधी. ही तिसरी फेरी बहुतेक लोक टाळतात, आणि खरं उत्तर तिच्यातच मिळतं. ९११मधून उतरून स्विफ्टमध्ये बसलो तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की माझी गाडी बाहेरचं किती छान दाखवते, आणि स्टिअरिंग मात्र किती कमी बोलतं.

सुपर कॉरिडॉर रात्री मोकळा असतो म्हणून तिथे वेग आजमावायला जाऊ नका. पहिलं कारण, विमा आणि पोलीस. दुसरं, तिथे पायी रस्ता ओलांडणारे असतात. आपल्या शेजारी पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, त्यामुळे "तिकडे नेऊ या" असं प्रत्येक पार्टीत कोणीतरी म्हणतं. तो वाहनांच्या चाचणीसाठी बांधलेला आहे, रविवारच्या फेरफटक्यासाठी नाही.

६. किलोमीटरचा हिशेब

पेट्रोलपासून सुरुवात करतात सगळे, तर तसंच करू. इंदुरात लिटरला शंभराच्या वर भाव आहे, १०६ धरा. स्विफ्ट शहरात मला १६ देते, म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपये. ९११ भावाला ७ देते, म्हणजे पंधरा. बस, एवढाच फरक. लोक एवरेज विचारतात तो हा.

टायर : माझा संच २४ हजारांच्या आसपास, चाळीस हजार किलोमीटर चालणार, किलोमीटरला साठ पैसे. भावाचा संच जवळपास दोन लाखांचा, वीस हजार किलोमीटरचा : दहा रुपये.

घसारा : इथे खरी मेख आहे. समजा स्विफ्टची किंमत वर्षाला ६० हजारांनी उतरली आणि १२ हजार किलोमीटर धावली, तर किलोमीटरला पाच रुपये. समजा ९११ वर्षाला आठ लाखांनी उतरली आणि ९ हजार किलोमीटर धावली, तर ८९ रुपये. तुम्ही बघत असलेल्या मॉडेलचे दोन आणि चार वर्षं जुन्या गाड्यांचे भाव काढा आणि हे गणित स्वतःच्या आकड्यांनी करा.

बेरीज केली तर भावाची गाडी विमा आणि सर्व्हिसिंग सोडून ११४ रुपये किलोमीटरला पडते, वर्षाला सव्वादहा लाखांच्या वर. आता पहिल्या पायरीतली वही उघडा. वर्षातले चांगले किलोमीटर साधारण दोन हजार. म्हणजे प्रत्येक चांगल्या किलोमीटरला पाचशे रुपये. हे गणित भावानं स्वतः माझ्यासमोर केलं, पाच मिनिटं गप्प बसला, आणि म्हणाला, "ठीक आहे, घेऊ." त्याला काय घेतोय ते माहीत होतं, म्हणून मी पुढे बोललो नाही.

७. विमा

थर्ड पार्टी विम्याचे दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासूनच्या दरानं १००० ते १५०० सीसी कारला वर्षाला ३,४१६ रुपये, १५०० सीसीच्या वर ७,८९७. इथे दोन गाड्यांत फारसं अंतर नाही हे बघून हुरळू नका. खरा हप्ता स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा असतो आणि तो गाडीच्या घोषित किमतीवर, म्हणजे आयडीव्हीवर चालतो. हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली ओढणारे एजंट भेटतील. गाडी पूर्ण गेली तर तेवढेच पैसे मिळतात. झिरो डेप्रिसिएशन (बदललेल्या भागांची झीज न कापता दावा) आणि इंजिन संरक्षण दोन्ही घ्या. बसक्या गाडीला पावसाळ्यात इंजिन संरक्षणाशिवाय पर्याय नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, माणसाचा असतो, गाडीचा नाही, तेव्हा जुन्या मालकाचा बोनस दाखवून कोणी स्वस्त पॉलिसी देत असेल तर उठून या.

८. नवी घेत असाल तर कर

सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल कारवर १८ टक्के जीएसटी आहे, मोठ्यांवर ४०. पूर्ण तयार आयात होणाऱ्या गाडीवर त्याआधी सीमाशुल्क चढतं, म्हणून परदेशातली किंमत रुपयांत बदलून बघण्यात अर्थ नाही. गंमत बघा, होळकरांचा माणिकबाग महाल, जिथे सुपरचार्ज्ड ड्यूझेनबर्ग एसजे ही अमेरिकन गाडी बनवून घेणारे इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे राहत, तिथे पुढे केंद्रीय उत्पादनशुल्काचं कार्यालय आलं. गाड्यांचा शौक आणि कर एकाच छताखाली.

दहा लाखांच्या वरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा कर, घेतो. तो तुमच्या आयकरात वळता होतो. बिलाची प्रत सीएला द्या. आणि साध्या गाडीवाल्यांसाठी : उज्जैनच्या विक्रमोत्सव व्यापार मेळ्यात २०२४ मध्ये रस्ता करात निम्मी सूट होती. नोंदणी उज्जैनचीच करायची अट होती, त्यामुळे इंदुरात एमपी-१३च्या बऱ्याच नव्या गाड्या दिसतात. खरेदी पुढे-मागे करता येत असेल तर त्या वर्षीची घोषणा बघून तारीख ठरवा.

९. सेकंड हँड घेत असाल तर कागद

टोकन देण्याआधी आरसी सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर तपासा. आम्ही एका गाडीला टोकन देऊन बसलो आणि मग कळलं की आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. दलाल म्हणत राहिला, "कर्ज फिटलंय, नुसता कागद बाकी आहे." पैसे परत मिळायला सात आठवडे लागले.

मागायची यादी :

- मूळ आरसी, पीयूसी, चालू विमा, मूळ खरेदीचं बिल
- बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५
- मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, विक्रेत्याच्या सहीचे. कोरे सही केलेले फॉर्म दलालाकडे सोडू नका
- दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८, म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी, आणि इथे नव्यानं भरायच्या कराचा अंदाज लेखी
- दोन्ही चाव्या, सर्व्हिसची पूर्ण नोंद
- तुमचे आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो

९११ असेल तर अधिकृत सर्व्हिस केंद्रातून इंजिनच्या कॉम्प्युटरचा अहवाल काढून घ्या. त्यात इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवलं गेलं याची टप्प्याटप्प्यानं नोंद असते, आणि चालू तासही असतात. किलोमीटर भागिले तास केले की सरासरी वेग निघतो. तो पटण्यासारखा नसेल तर मीटरची गोष्ट खोटी आहे. स्विफ्टला एवढं करायची गरज नाही. तिला लिफ्टवर चढवा, इंजिनखालचा तेलाचा चेंबर खालून ठोकलेला आहे का बघा, ओळखीच्या मिस्त्रीला चहा पाजा.

खरेदीदारानं तीस दिवसांत नाव बदलाचा अर्ज करायचा असतो आणि विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर मागायचा असतो. दोन्ही एकाच आठवड्यात उरका. मधल्या काळात अपघात झाला तर दावा अडतो. नायता मुंडल्याच्या आरटीओत सकाळी लवकर जा, अर्जाची पावती मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग त्याच दिवशी बंद करायला लावा, नाहीतर महू ओलांडून टोलवर गेलात की पैसे त्याच्या खात्यातून कटतात आणि फोन तुम्हाला येतो.